पिशवी कापडी दिसली म्हणून

"प्लास्टिक नको हं, ती कापडी द्या," असे बेळगावच्या गणपत गल्लीत एका गृहस्थांनी भाजीवाल्या मावशींना आज आवर्जून सांगितले. मावशींनी हिरवी, मऊसर पिशवी पुढे केली आणि ते समाधानाने निघून गेले.

त्या पिशवीच्या कडेला दोऱ्याची शिवण नव्हती. उष्णतेने चिकटवलेल्या ठिपक्यांची रेघ होती. पॉलिप्रॉपिलीनचे तंतू न विणता, दाबून केलेली ती पिशवी म्हणजे प्लास्टिकच. गृहस्थांची तळमळ खरी होती, यात मला तिळमात्र शंका नाही; उणीव होती ती माहितीची.

मावशींना मात्र सारे ठाऊक होते. त्या म्हणाल्या, "पिशवी नाही म्हटलं की गिऱ्हाईक पुढच्या बुट्टीकडं जातंय बघा."

हे वाक्य मनातून जात नाही. कर्नाटकात प्लास्टिकच्या पिशव्यांवर 2016 पासून बंदी आहे, तरी त्या बाजारातून हटलेल्या नाहीत. आइझेक आयझेन या मानसशास्त्रज्ञाने 1991 मध्ये मांडले होते की माणसाचे वागणे केवळ त्याच्या मतावर ठरत नाही. आजूबाजूचे लोक काय अपेक्षितात आणि ती गोष्ट आपल्याला कितपत जमेल असे वाटते, यावरही ते अवलंबून असते. मावशींच्या बाबतीत नेमक्या याच दोन गोष्टी आड येतात, कारण एकटीने नकार देणे त्यांच्या पोटावर येते.

गल्लीतल्या साऱ्याच विक्रेत्यांनी एकदम अनामत घेऊन सुती पिशवी द्यायची ठरवली, तर आपण ती परत आणून देऊ का?