मनातलं दिसतंय व्हय?

सांगली स्टँडवरून वडापात बसले की गाव येईपर्यंत कुणीतरी विचारतंच, "काय करतीस आता?" प्रकाशाने मेंदू बघते, असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "म्हंजे मनातलं दिसतंय व्हय?" तुम्हीही तेच विचारलंत म्हणून लिहिते. नाही दिसत. मला दिसतं ते रक्त, आणि तेही उशिरा.

अंधारात मोबाइलची बॅटरी तळहाताखाली धरा. हात लालभडक दिसेल. निळा-हिरवा प्रकाश रक्त गिळतं, लाल निसटतो. त्याच्या जरा पुढचा, डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा प्रकाश कवटीतूनही आत जातो. त्याच्या जोरावर मेंदूतला ऑक्सिजन बाहेरून मोजता येतो, हे फ्रान्स योब्सिस या शास्त्रज्ञांनी १९७७ साली दाखवलं. कोविडात घरोघरी बोटाला लावलेला चिमटा याच कुळातला. ऑक्सिजन घेतलेलं आणि सोडलेलं रक्त वेगवेगळा प्रकाश शोषतं, त्या फरकावर सगळा हिशोब.

बोट आरपार करणं सोपं, डोकं नाही. पुराच्या कृष्णेत बॅटरी मारावी तसा प्रकाश आत विखुरतो. म्हणून डोक्यावर एका जागी तो सोडायचा आणि तीनेक सेंटीमीटरवर जो थोडासा परत बाहेर येतो, तो टिपायचा.

आता उशिराचं. वडील रात्रीची लाईट आली की उसाला दारं धरायला जायचे. मोटर सुरू केली तरी पाणी लांबच्या सरीत पोचायला वेळ लागायचा, आणि पोचलं की गरजेपेक्षा जास्तच तुंबायचं. मेंदूतही तसंच आहे. तुम्ही उजव्या हाताची बोटं हलवलीत की डावीकडच्या ठरावीक भागातल्या पेशी लगेच कामाला लागतात, पण रक्ताचा भर यायला पाच-सहा सेकंद जातात. आणि येतं ते पेशी वापरतील त्याहून जास्त ऑक्सिजन घेऊन. मी बांधावर उभी राहून सरी भिजलेली बघते. ऊस काय विचार करतो, ते मला कसं कळणार?

खरं सांगू का, माझा बराचसा वेळ लोकांचे भांग पाडण्यात जातो. काळे केस प्रकाश पिऊन टाकतात. प्रकाश सोडणारी आणि टिपणारी टोकं एका टोपीत बसवलेली असतात; तिच्या प्रत्येक छिद्रातून केस बाजूला सारायचे, मगच मोजणी. आत्याला म्हटलं, बस एकदा. ती म्हणाली, "आंबाडा सोडायचा न्हाई." प्रयोग तिथेच संपला. तान्ह्या बाळांचं मात्र झकास जमतं. केस विरळ, कवटी पातळ, आणि बाळ आईच्या मांडीवर बसून चुळबुळलं तरी बऱ्यापैकी चालतं. एमआरआयच्या बोगद्यात त्याला निपचित कोण झोपवणार?

आणखी एक प्रश्न असतो, तो वडापात कुणी विचारत नाही. घरी येऊन, हळू आवाजात विचारतात: आई विसरायला लागलीय, तुमच्या मशिनीत कारण दिसेल का? माझा प्रकाश डोक्याच्या कातडीपासून साधारण दीड-दोन सेंटीमीटर खोल पोचतो, म्हणजे मेंदूच्या वरच्या थरापुरता. आठवणी जुळवणारा हिप्पोकॅम्पस त्याच्या कितीतरी खाली आहे. त्यांना मी चहा देते आणि मिरजेला मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा म्हणते. जाताना गोळ्यांची जुनी चिठ्ठी बरोबर न्या.