आत्याची कूस आणि दोन तासांचा तक्ता

भेटायची वेळ रविवारी चार ते सहा. त्या दोन तासांत आत्या नेहमी नीटनेटकी असायची. केस विंचरलेले, कपाळाला टिकली, अंगाला पावडरचा वास, गळ्यापर्यंत चादर. चौदा महिन्यांत मी ती चादर एकदाही वर करून बघितली नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी बऱ्याच जणांबद्दल तक्रार करणार आहे.

आत्याने लग्न केलं नाही. टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती, तिथूनच निवृत्त झाली. अर्धांगवायूने उजवी बाजू गेली, बोलणं अडखळायला लागलं. आमचं कळव्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आम्ही दोघं नोकरीला. शेवटी घोडबंदर रोडला, आतल्या बाजूच्या एका बंगल्यात केअर सेंटर सापडलं. महिना २८ हजार, अनामत ५० हजार, डायपर आणि औषधं वेगळी. माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत ‘२४ तास नर्सिंग’. ते पत्रक मी रद्दीत टाकलं नाही, हे नशीब.

शेवटचे काही आठवडे आत्या सारखं ‘दुखतंय’ म्हणायची. सिस्टर म्हणायच्या, “आजींना सवयच आहे.” मीही मान डोलवायचो. मग एका रविवारी पावडरखालून दुसराच वास आला. मी चादर काढली. बायकोने आणि मी तिला कुशीवर वळवलं, आणि बायको खोलीबाहेर निघून गेली.

रात्री नऊला आत्या रुग्णालयात दाखल झाली. माकडहाडावर तळहाताएवढी जखम, वरून काळी. कुजलेला भाग काढल्यावर सर्जन म्हणाले, ग्रेड थ्री बेडसोर. एकाच जागी दाब राहिला की तिथलं रक्त थांबतं, कातडी मरते, आणि ओलं डायपर उरलेलं काम करतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, खाली एअर बेड असला तरी.

या सगळ्यात सर्वात उपयोगी पडली ती ड्यूटीवरची एक सिस्टर. तिने मला बाजूला घेतलं. “दादा, जखमेशेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा. आणि दाखल करतानाच जखम होती, हे केस पेपरवर लिहून घ्या.” मला ते तेव्हा विचित्र वाटलं. महिन्याभराने सेंटरने लेखी कळवलं की जखम त्या रुग्णालयातच झाली असावी. तेव्हा केस पेपरवरची ती एक ओळ कामी आली.

सेंटरकडे कागद मागितले तर मॅनेजर म्हणाला, “पेशंटचे कागद बाहेर देत नाही. आणि तुम्ही तर भाचे.” मुलगा असतो तर दिले असते असं नाही, पण भाचा म्हटल्यावर त्याला बरं कारण मिळालं. मग आत्याच्या डाव्या अंगठ्याचा ठसा घेऊन, दोन साक्षीदारांच्या सह्यांसह अधिकारपत्र केलं. एका ओळखीच्या वकिलांनी युक्ती सांगितली: पत्र सेंटरला नको, तिथे येणाऱ्या डॉक्टरच्या नावाने पाठवा. डॉक्टरांच्या व्यावसायिक वर्तनाचे २००२ चे नियम आहेत. रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने नोंदी मागितल्या की ७२ तासांत द्याव्या लागतात. स्पीड पोस्टने एक प्रत, हाताने एक, आणि माझ्या प्रतीवर पोच. तिसऱ्या दिवशी झेरॉक्सचा गठ्ठा मिळाला.

त्यात पोझिशन चार्ट होता. दर दोन तासांनी डावी, पाठ, उजवी, पुन्हा डावी. महिन्याच्या ३७२ नोंदी. एक काट नाही, एक डाग नाही, एकच पेन. एवढी शिस्त मी बँकेच्या पासबुकातही बघितली नाही. आणि सोमवारी पहाटे दोन वाजता डावी, चार वाजता पाठ, सहा वाजता उजवी. आत्या त्या पहाटे रुग्णालयात होती.

तो कागद मी किती वेळा वाचला असेन!

पाचपाखाडीला ठाणे महापालिकेत तक्रार द्यायला गेलो तेव्हा आरोग्य विभागातल्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, “नर्सिंग होम आहे की वृद्धाश्रम?” सगळी गोम इथे होती. नर्सिंग होमला १९४९ च्या महाराष्ट्राच्या कायद्याखाली नोंदणी लागते, प्रमाणपत्र दिसेल असं लावावं लागतं, अधिकारी तपासणी करू शकतात. सेंटर स्वतःला वृद्धाश्रम म्हणवत होतं. घरी येऊन कायदा काढून वाचला. नर्सिंग होमच्या व्याख्येत आजारी आणि जखमी यांच्याबरोबर दुर्बलता आलेली माणसंही आहेत, ज्यांना ठेवून घेऊन उपचार आणि शुश्रूषा दिली जाते. नाकात नळी असलेले चार जण, कॅथेटर लावलेले त्याहून जास्त, रोज ड्रेसिंग, आठवड्याला डॉक्टर. वर ते पत्रक. पाटी काहीही असो, आत काय चालतं ते बघा, एवढाच माझ्या अर्जाचा मुद्दा होता. सोबत दहा रुपयांचं तिकीट लावून माहिती अधिकाराचा अर्ज. उत्तर आलं: या नावाची नोंद आढळत नाही. त्यानंतर पाहणी झाली, सेंटरला नोटीस गेली. आता कुठेही गेलो की आधी भिंतीवरचं प्रमाणपत्र शोधतो.

१४५६७ या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवरही फोन केला होता. पलीकडच्या मुलीने न कंटाळता कोणते कागद जोडायचे ते सांगितलं. पोलिसांनी अर्ज घेतला, चौकशी सुरू आहे.

मग सेंटरमधून निरोप आला. अनामत परत देतो, ‘कोणतीही तक्रार नाही’ एवढं लिहून द्या. नाशिकचा दादा म्हणाला, घे आणि मोकळा हो. खरं सांगायचं तर मी घेतलेही असते, इतका दमलो होतो. आत्याला विचारलं, तर तिने डाव्या हाताने कागद बाजूला सारला.

भरपाईसाठी ग्राहक आयोगात जायचं ठरवलं, पण तिथे फी लागेल या धास्तीत होतो. वकील म्हणाले, २०१९ च्या कायद्यात भरपाई किती मागता ते बघत नाहीत, सेवेसाठी किती पैसे मोजले ते बघतात. माझे १४ महिन्यांचे ३ लाख ९२ हजार. पाच लाखांपर्यंत फी नाही. मुदत मात्र दोन वर्षांची.

आत्या आता आमच्याकडे असते. चार पोरांनी खुर्चीत बसवून वर आणलं. हॉलमध्ये भाड्याची कॉट, दिवसा मावशी, रात्री आम्ही गजर लावून. कॅलेंडरच्या पाठीवर आम्हीही तक्ता आखलाय. त्यात १७ तारखेच्या पहाटे चारचा रकाना कोरा आहे. झोप लागली.

तक्रार टाईप होत असताना एका रात्री फोन आला. सेंटरची रात्रपाळीची मुलगी, जव्हारकडची. अठरा जणांना रात्रभर ती एकटी. “सह्या मीच केल्या दादा. सकाळी एकदम करायला लावायचे.” मी फोन स्पीकरवर टाकला होता, आत्या ऐकत होती.

वकिलांचं मत, हिलाही सामनेवाली करा, म्हणजे सेंटरबरोबर हिच्याविरुद्धही तक्रार करा, घाबरून खरं बोलेल. नाहीतर आपली बाजू लंगडी पडते. मी आत्याकडे बघितलं. तिने दोनदा मान हलवली, नाही म्हणून, आणि बऱ्याच प्रयत्नाने म्हणाली, “पोर आहे.”

मुलीचं नाव तक्रारीत घातलं नाही. पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे.