गगनबावड्याच्या पावसात गाडीच्या बॅटरीवर चाललेला लॅपटॉप

कोल्हापूरहून गगनबावडा साधारण ५५ किलोमीटर, फुलेवाडी, बालिंगा, कळे, साळवण करत गेलं की रमतगमत दीड तास. पण पावसाळ्यात तिथं लाईटचा काही भरवसा नसतो आणि मला दुपारी लॅपटॉपवर काम होतं, शिवाय कॅमेरा, मोबाईल, म्हणून यावेळी सगळं गाडीवरच चालवायचं ठरवलं.

निघायच्या आधी उद्यमनगरात एका बॅटरीवाल्या मामांकडं गेलो. ते म्हणाले, पावणं, ही बॅटरी स्टार्टर मारायला केलेली असतीया, घरच्या इन्व्हर्टरची न्हवं. आतल्या प्लेटा पातळ, त्यामुळं दोन-तीन सेकंद शंभर-दोनशे अँपिअर दणक्यात देते, पण रोज तळापर्यंत उतरवली की लवकर मरते. माझ्या गाडीची बॅटरी ३५ एएच म्हणजे अँपिअर-अवरची आहे, त्याला १२ व्होल्टनं गुणलं की ४२० वॅट-अवर. त्यातलं निम्मं वापरायचं धरलं तर ६० वॅटचा लॅपटॉप कागदावर साडेतीन तास, प्रत्यक्षात त्याहून कमीच. मी तर इंजिन बंद असताना तासाभराच्या वर जातच नाही, घाटात गाडी स्टार्ट झाली नाही तर काय करायचं?

इन्व्हर्टर मी मुद्दाम घेतला नाही. १२ व्होल्टचे २३० करायचे आणि मग लॅपटॉपच्या अडॅप्टरनं परत २० वर आणायचे, यात दोन वेळा करंट उष्णतेत वाया जातो. त्यापेक्षा गाडीच्या डॅशबोर्डवरच्या १२ व्होल्टच्या सॉकेटात बसणारा टाईप-सीचा ६५ वॅटचा चार्जर लई भारी, सरळ १२ चे २० करतो. सॉकेटचा फ्यूज बऱ्याच गाड्यांत १० अँपिअरचा असतो, म्हणजे १२० वॅटपर्यंतच, त्यामुळं तिथं किटली-बिटलीचा विचारसुद्धा करू नका.

खरी मजा रस्त्यात. इंजिन चालू असलं की अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज तयार करणारं यंत्र, १४ व्होल्टच्या आसपास देतो, त्यामुळं साळवण यायच्या आत कॅमेरा, पॉवरबँक सगळं भरत आलं आणि बॅटरीवर काहीच भार नाही. बाहेर भातखाचरं तुडुंब, उसाची पानं रस्त्यावर वाकलेली, मधेच धुकं असं की पुढची एसटी फक्त लाल दिव्यानं कळायची.

वर पोचलो तर लाईट नव्हतीच! गगनगडाच्या खाली चहाच्या टपरीशेजारी गाडी लावली, चावी एसीसीवर (इंजिन बंद, पण सॉकेट चालू), हेडलाईट, रेडिओ, पंखा बंद, आणि कामाला बसलो. सॉकेटात व्होल्टेज दाखवणारा छोटा मीटर लावलाय, तो प्रत्येकानं घ्यावाच असं माझं मत आहे. बंद गाडीत १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ च्या आसपास आली की निम्मी संपली. टपरीवाल्या मावशींचा फोन पण लावून दिला, त्यांनी कांदाभज्यांचे पैसेच घेतले नाहीत, किती सांगितलं तरी.

मीटर १२.४ वर आल्यावर लॅपटॉप मिटला, गाडी एका सेल्फमध्ये सुरू झाली आणि करूळ घाट बघायला खाली उतरलो, फोन परत चार्जिंगला.