अ‍ॅडमिनची टूल्स डेस्कटॉपवर, पण सगळी नाहीत

घरच्या कॉम्प्युटरची देखभाल माझ्याकडे आहे. कुणी नेमलेलं नाही, पण काही अडलं की "अगं, जरा बघतेस का?" असं म्हणत सगळे माझ्याकडेच येतात. विंडोज ११ आहे. नवऱ्याचं, लेकीचं आणि माझं अशी तीन साधी अकाउंट, आणि चौथं अ‍ॅडमिनचं, ज्यात रोजच्या कामाला कुणीच बसत नाही. माझं स्वतःचं अकाउंटही साधंच ठेवलंय, याचं नवऱ्याला अजून नवल वाटतं. अ‍ॅडमिनचा पासवर्ड मला माहीत आहे, तेवढं पुरतं.

आता मुद्दा शॉर्टकटचा. काही बिघडलं की स्टार्ट मेनूत शिरून हे शोध, ते शोध करायचा मला कंटाळा येतो. म्हणून लागणारी टूल्स डेस्कटॉपवर आणून ठेवली. आणताना एकच नियम पाळला: ज्या टूलमध्ये नुसतं बघायचं असतं ते बाहेर, ज्यात हात घालायचा असतो ते आत. डिस्क मॅनेजमेंट (डिस्कचे भाग, म्हणजे पार्टिशन, पाडणारं) आणि रजिस्ट्री एडिटर (विंडोजच्या आतल्या सेटिंग्ज बदलणारं) माझ्या डेस्कटॉपवर नाहीत, येणारही नाहीत. पार्टिशन उडवायचं काम दोन क्लिक लांब असण्यातच भलं आहे.

ज्यांना आधीच सोपी वाट आहे त्यांचे शॉर्टकट करत बसू नका. विंडोजचं बटण आणि एक्स एकत्र दाबलं की डिव्हाइस मॅनेजर, कॉम्प्युटर मॅनेजमेंट अशी यादी उघडते. टास्क मॅनेजरला कंट्रोल-शिफ्ट-एस्केप आहेच.

बाकीची टूल्स 'विंडोज टूल्स' नावाच्या फोल्डरात मिळतात (विंडोज १० मध्ये याच धर्तीचं 'विंडोज अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टूल्स' आहे). हवं त्यावर राइट-क्लिक, मग 'शो मोअर ऑप्शन्स', मग 'क्रिएट शॉर्टकट'. त्यावर विंडोज सांगतं की इथे शॉर्टकट करता येत नाही, डेस्कटॉपवर ठेवू का? आपल्याला तेच तर हवं असतं. येस म्हणायचं.

माझं सगळ्यात लाडकं टूल मात्र तिथे वेगळं दिसत नाही. रिलायबिलिटी मॉनिटर. त्याचा शॉर्टकट हाताने करावा लागतो: डेस्कटॉपच्या मोकळ्या जागेवर राइट-क्लिक, 'न्यू', 'शॉर्टकट', आणि जागा विचारणाऱ्या चौकटीत पर्फमॉन, एक जागा सोडून तिरकी रेघ, आणि तिला चिकटून आरईएल. अर्थात हे सगळं रोमन अक्षरांत: perfmon /rel. नेक्स्ट, नाव द्या, झालं. उघडल्यावर एकेका दिवसाचा उभा रकाना दिसतो आणि वरून १ ते १० च्या मापात एक निळी रेघ जाते. एखादं अ‍ॅप कोसळलं किंवा मशीन धाडकन बंद पडलं की त्या दिवशी लाल गोळ्यात पांढरी फुली, आणि रेघ खाली. त्या रकान्यावर क्लिक केलं की त्या दिवशी काय काय इन्स्टॉल झालं तेही खाली दिसतं. "मी काहीच केलं नव्हतं" या वाक्याची शहानिशा इथे होते. लेक हल्ली ते वाक्य उच्चारत नाही.

शॉर्टकटचं नाव एफ-टू दाबून वाट्टेल ते ठेवता येतं, मूळ टूलला धक्का लागत नाही. म्हणून माझ्याकडे रिलायबिलिटी मॉनिटरचं नाव 'आज काय झालं' आहे, आणि इव्हेंट व्ह्यूअरचं (मशीनमध्ये काय काय घडलं त्याची नोंदवही) 'बंद का पडला'. हे दुसरं नाव अगदी हिशेबाने दिलंय, कारण मी तिथे त्यासाठीच जाते: विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टम, आणि ४१ किंवा ६००८ नंबरची नोंद आहे का ते बघायचं. दोन्हींचा अर्थ एकच, मशीन नीट शटडाउन न होता बंद झालं. वीज गेली, बटण दाबून धरलं, की मशीनच गोठलं, ते पुढे आपण शोधायचं. वाटेत १००१६ नंबरच्या नोंदींची पिवळी चिन्हं ढीगभर भेटतील, त्यांच्याकडे दुर्लक्ष करा. धडधाकट मशीनमध्येही ती असतात.

म्हणूनच इव्हेंट व्ह्यूअर घरातल्या सगळ्यांच्या डेस्कटॉपवर ठेवू नये असं माझं ठाम मत आहे. फोन करून "तुमच्या कॉम्प्युटरात व्हायरस आहे" म्हणणारे भामटे नेमकी हीच खिडकी उघडायला लावतात आणि ती लाल-पिवळी चिन्हं पुरावा म्हणून दाखवतात. ज्याला त्यातलं कळत नाही तो घाबरणारच.

शॉर्टकट फक्त आपल्यालाच दिसावा तर तो आपल्याच अकाउंटच्या डेस्कटॉपवर ठेवायचा. 'पब्लिक' यूजरच्या डेस्कटॉप फोल्डरात टाकला तर तो सगळ्यांना दिसतो. काही प्रोग्रॅम इन्स्टॉल होताना आपलं चिन्ह तिथेच टाकतात, आणि मग साध्या अकाउंटवरून ते पुसायला गेलं की अ‍ॅडमिनची परवानगी मागितली जाते. बऱ्याच जणांना हे कोडं वाटतं, ते त्यामुळे.

साध्या अकाउंटवरून डिव्हाइस मॅनेजर उघडतो, पण बघता येईल, बदल करता येणार नाहीत, असं बजावून. त्यामुळे काही टूल्सना पूर्ण अधिकार लागतात. शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये 'अ‍ॅडव्हान्स्ड' बटण असतं, त्यात 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' वर टिक करायची. ते बटण फिकं दिसलं तर टार्गेटच्या चौकटीत टूलच्या फाइलच्या आधी एमएमसी डॉट इएक्सइ (mmc.exe, अशी टूल्स उघडणारा विंडोजचाच प्रोग्रॅम) आणि एक जागा टाकून बघा. मग डबल-क्लिक केलं की पासवर्डची चौकट येते. सर्व्हिसेसचा (पडद्यामागे चालणाऱ्या कामांची यादी) शॉर्टकट मी असाच केलाय. बघायच्या टूलांच्या नियमाला तेवढा एक अपवाद, कारण प्रिंटर अडकला की प्रिंट स्पूलर, म्हणजे छपाईची रांग सांभाळणारी सर्व्हिस, रीस्टार्ट करणं हे आमच्याकडचं नेहमीचं काम. एक लक्षात ठेवा: असं उघडलेलं टूल अ‍ॅडमिनच्या अकाउंटचं म्हणून चालतं, आपल्या नाही. रजिस्ट्री एडिटर असा उघडलात तर त्यातला 'करंट यूजर' म्हणजे अ‍ॅडमिन, आणि तिथे केलेला बदल आपल्या अकाउंटला लागू होत नाही. त्यात लोक तासन्‌तास घालवतात.

परवानगीची चौकटच येऊ नये म्हणून टास्क शेड्यूलरमधून (ठरवून दिलेली कामं आपोआप चालवणारं टूल) पळवाट काढता येते. 'रन विथ हायएस्ट प्रिव्हिलेजेस' अशी टिक केलेलं टास्क बनवायचं आणि शॉर्टकटने ते टास्क चालवायचं. अ‍ॅडमिन अकाउंटवर चालतं ते. मी करत नाही. पडदा काळवंडून चौकट येते तेव्हा मी एकदा वाचते की आपण नक्की काय उघडतोय, आणि मला तो क्षण हवाय. ही चौकट विंडोज व्हिस्टापासून आहे. विंडोज ७ मध्ये तिच्यासाठी चार पायऱ्यांचा स्लायडर आला. तो तळाला ओढून चौकट बंदच ठेवणारे लोक मला भेटलेत, त्यांच्या मशीनला हात लावण्याआधी मी तो वर सरकवते.

कीबोर्डवाल्यांसाठी: प्रॉपर्टीजमधल्या 'शॉर्टकट की' मध्ये एक अक्षर दाबलं की कंट्रोल-ऑल्ट आणि ते अक्षर अशी जोडी तयार होते. चिन्ह डेस्कटॉपवर किंवा स्टार्ट मेनूत असेल तरच ती चालते, फोल्डरात हलवलं की बंद.

सगळं जमलं की शॉर्टकट एका पेन ड्राइव्हवर कॉपी करून ठेवा. एकेक जेमतेम एक-दोन केबीचा असतो. विंडोजच्या टूल्सची जागा दुसऱ्या मशीनवरही बहुधा तीच असल्यामुळे नव्या कॉम्प्युटरवर तेच पेस्ट केले तरी चालून जातात. फक्त 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' ची टिक शाबूत आहे ना, तेवढं तपासा.