ओ-प्लस / एच-प्लस सीमा : काम कुठवर आलं

सी/एनओएफएस या आयनावरण मोजणाऱ्या उपग्रहाच्या डेटावरून (2008 ते 2015, कक्षा 400 ते 850 किमी, विषुववृत्ताशी कल 13 अंश) ऑक्सिजन आणि हायड्रोजनचे आयन (ओ-प्लस आणि एच-प्लस) निम्मे-निम्मे होतात ती उंची, म्हणजेच सीमा, काढणं चालू आहे. रात्रीचा भाग मार्गी लागला. 2008 च्या सौर किमानात (सूर्य सर्वांत शांत असतो त्या काळात) ही सीमा रात्री 450 किमीच्या आसपास उतरते, तिथे आलेख जुळतो. दिवसा ती 850 च्या घरात जाते, म्हणजे नेमकी कक्षेच्या वरच्या टोकाशी. वरची बाजू दिसतच नाही, तेव्हा दिवसाचा आकडा 'किमान एवढा' म्हणूनच वाचावा.

डेटाचे कप्पे असे: स्थानिक वेळ 1 तास, उंची 25 किमी, चुंबकीय अक्षांश ±5 अंश. एकाच आठवड्याच्या फाइली घेतल्यात तर फसाल. उपभू बिंदूला (कक्षेतल्या सर्वांत खालच्या बिंदूला) स्थानिक वेळेचा पूर्ण फेरा मारायला सुमारे 66 दिवस लागतात. तोवर उंची आणि वेळ एकमेकांत अडकलेली असतात. सरासरी टक्केवारीची काढू नका. दोन्ही घनतांचे मध्यक काढून मग भागाकार करा.

खरी डोकेदुखी आरपीएच्या (विद्युतदाब बदलत आयन अडवून मोजणाऱ्या उपकरणाच्या) वक्राची. उपग्रहाचा वेग 7.5 किमी/से. धरला, तर ओ-प्लस साधारण 4.7 इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेने आत येतो, एच-प्लस जेमतेम 0.3 ने. उपग्रहाचा विभव (भोवतालच्या प्लाझ्माच्या तुलनेतला विद्युतदाब) अर्ध्या व्होल्टने चुकला तरी ओ-प्लसची पायरी ओळखू येते, एच-प्लसचं गणित मात्र कोलमडतं. घनता घनसेंटीमीटरला 1000 च्या खाली गेली की त्या ओळी सरळ गाळा. सूर्यास्तानंतरचे प्लाझ्मा बुडबुडेही (विरळ प्लाझ्माचे वर चढणारे कप्पे) वेगळे काढा. ते खालचा प्लाझ्मा वर आणतात, सोबत कधी एनओ-प्लसही (नायट्रिक ऑक्साइडचा आयन).

पुढचा टप्पा आयकॉन या नासाच्या उपग्रहाच्या डेटाचा. 2022 मध्ये संपर्क तुटेपर्यंत त्याने 600 किमीच्या आसपासच मोजमापं घेतली, म्हणून नुसतं गुणोत्तर मिळतं. विसरण-समतोल (गुरुत्वाकर्षणाने जड आयन खाली, हलके वर अशी स्थिर मांडणी) धरला तर आयन-तापमान 700 केल्विनला ओ-प्लस/एच-प्लस गुणोत्तर दर 47 किमी चढाईला 2.7 पटीने घटतं. 600 वर ओ-प्लस 10 टक्के असेल, तर सीमा सुमारे 100 किमी खाली. पण विसरण होतं चुंबकीय रेषांच्या दिशेने, आणि चुंबकीय विषुववृत्तावर त्या आडव्या असतात. त्यामुळे ही उंची फक्त पडताळ्यापुरती; मुख्य आलेखात घालायची नाही.