मार्चमधली शर्यत डिसेंबरात

आपल्याकडे थंडी पडली की सायकलवाल्यांची चैन असते. इकडे उत्तरेच्या देशांत गणित उलटं आहे. डिसेंबरात दुपारी चारलाच अंधारून येतं, रस्त्यावर बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ असतं आणि सायकलला लागलेला चिखल वाळायचं नाव घेत नाही. त्यात शर्यतींचा मोसम उन्हाळ्याची वाट बघत नाही. व्यावसायिक सायकलपटूंचं बेल्जियममधलं वर्ष फेब्रुवारीच्या शेवटी उघडतं, इटलीतली मिलान–सान रेमो ही मोठी शर्यत मार्चमध्ये होते आणि हौशी स्वारांच्या छोट्या शर्यतीही त्याच सुमारास सुरू होतात. म्हणजे पाय तयार करायचे ते नेमके वर्षातल्या सगळ्यात वाईट हवेत.

तयारी कशाची करायची, हे आधी नीट बघू. नवखा स्वार पहिल्या शर्यतीत मागे पडतो तो दम कमी म्हणून, असा सर्वसाधारण समज. पण सपाट रस्त्यावर तासभर एकट्याने ताशी ३२ किलोमीटर काढणारा माणूसही पहिल्या दहा मिनिटांत घोळक्यातून गळतो, आणि गळतो तो वळणावर. छोट्या बंदिस्त सर्किटवर एका फेरीत चार वळणं धरली तर २५ फेऱ्यांत शंभर वळणं होतात. पुढचे वळणाआधी जेमतेम ब्रेक लावतात. त्यांच्या मागचे थोडा जास्त लावतात, शेपटीचे तर जवळजवळ थांबतात. मग पुढचे सुटलेले असतात आणि शेपटीच्या स्वाराला त्यांना गाठायला आठ-दहा सेकंद जीव तोडून पेडल मारावं लागतं. असं शंभरदा. म्हणून हिवाळ्यात दोन गोष्टी कमवायच्या: एक, छोटा जोर पुन्हा पुन्हा लावून लगेच सावरण्याची ताकद, दुसरी, घोळक्यात पुढे राहण्याचं आणि वळण घेण्याचं कसब. घरातला ट्रेनर, म्हणजे सायकल बसवून जागच्या जागी चालवायचं यंत्र, पहिलीच देतो, आणि बहुतेक जण तेवढ्यावरच थांबतात.

शर्यतीच्या तारखेपासून १६ आठवडे मागे मोजा. पहिले नऊ पाया घालायला, पुढचे सहा धार लावायला, शेवटचा हलका. नोकरी सांभाळून आठवड्याला ५ ते ७ तास मिळाले तरी पुष्कळ झाले. दर चौथ्या आठवड्यात तास सुमारे ४० टक्क्यांनी कमी करा. हा आठवडा लोकांना वाया गेल्यासारखा वाटतो, पण शरीर मजबूत होतं ते विश्रांतीत. व्यायामात ते फक्त थकतं.

सुरुवातीला एक चाचणी घ्यावी लागते. नीट अंग गरम करून २० मिनिटं जितका सलग लावता येईल तितका जोर लावायचा आणि सरासरी वॅटला ०.९५ ने गुणायचं. तो तुमचा एफटीपी, म्हणजे साधारण तासभर सलग टिकवता येईल इतका जोर. सरासरी २१० वॅट आली तर एफटीपी साधारण २००. पहिल्या तीन मिनिटांत सगळं ओतून शेवटची दहा रखडत काढणं ही यातली नेहमीची चूक, त्यामुळे पहिली पाच मिनिटं ‘हे जरा सोपंच आहे’ असं वाटलं पाहिजे. पॉवर मीटर (पेडलवरचा जोर वॅटमध्ये मोजणारं यंत्र) नसेल तर ३० मिनिटं पूर्ण जोरात चालवून शेवटच्या २० मिनिटांचे हृदयाचे सरासरी ठोके घ्या. छातीचा त्रास, रक्तदाब किंवा घरात हृदयविकाराचा इतिहास असेल तर ही चाचणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

एफटीपी २०० असलेल्या स्वाराची सावकाश फेरी ११२ ते १५० वॅटमध्ये बसते. या वेगात पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांवर श्वास घ्यावा लागला तर वेग जास्त आहे. पायाच्या नऊ आठवड्यांत बहुतेक वेळ इथेच घालवायचा: शनिवारी किंवा रविवारी दोन-अडीच तासांची एक लांब फेरी, मध्ये एक दिवस तासभर. मंगळवारी थोडं कष्टाचं काम, एफटीपीच्या ८८ ते ९४ टक्क्यांवर, म्हणजे १७६ ते १८८ वॅट. सुरुवात १२ मिनिटांच्या दोन तुकड्यांनी करा, मध्ये पाच मिनिटं सोडा आणि आठ आठवड्यांत १५-१५ मिनिटांच्या तीन तुकड्यांवर या.

सगळ्यात जास्त बिघडतं ते या दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात. अंधारात ट्रेनरवर बसायचा कंटाळा येतो, मग माणूस रोज संध्याकाळी झ्विफ्टवर, म्हणजे ट्रेनरला जोडून ऑनलाइन सायकल चालवायच्या अ‍ॅपवर, कुणातरी अनोळखी माणसाशी शर्यत लावतो. मजा येते, घाम येतो, आलेखही सुंदर दिसतो. पण सावकाश फेरी सावकाश राहत नाही, मंगळवारी पाय जड असतात म्हणून कष्टाचं कामही अर्धवट होतं, आणि फेब्रुवारीत एफटीपी डिसेंबरातल्याच आकड्यावर उभा असतो. आठवड्यात अशी एक शर्यत पुरे, तीही मंगळवारच्या कामाऐवजी.

पाया बसला का, हे बघायची एक सोपी खूण आहे. दीड तास एकाच सावकाश जोरावर चालवा आणि पहिल्या अर्ध्या भागातले सरासरी ठोके दुसऱ्या भागाशी ताडून बघा. फरक ५ टक्क्यांच्या आत असेल तर पुढच्या टप्प्याला हरकत नाही. मात्र ही तपासणी पंखा लावूनच करायची, कारण तापलेल्या खोलीत ठोके उगाच चढतात.

पंख्याचं म्हणाल तर ट्रेनरनंतर पहिला खर्च त्यावरच करावा. बाहेर वारा अंगावरचा घाम उडवतो, खोलीत तो अंगावरच राहतो आणि शरीर तापून जोर घटतो. मोठा पंखा समोर, छातीच्या उंचीवर ठेवा. छताचा पंखा किंवा उघडी खिडकी यांचा फारसा उपयोग नाही. तासाभरात लिटरभर घाम सहज जातो आणि त्यातला बराच हँडलच्या मध्यावर, नेमका हेडसेटच्या, म्हणजे हँडल वळतं त्या सांध्याच्या, बोल्टवर गळतो. घामाच्या मिठाने हेडसेटचं बेअरिंग आणि हँडलवर गुंडाळलेल्या टेपखालचा हँडलबार दोन्ही गंजतात, आणि टेप उघडेपर्यंत हे दिसत नाही. टॉप ट्यूब (सीट आणि हँडलमधली आडवी नळी) आणि स्टेमवर (हँडल धरणारा तुकडा) टॉवेल टाका, उतरल्यावर ओल्या फडक्याने पुसा आणि वसंताआधी एकदा टेप काढून आत बघा.

मागचं चाक रोलरवर टेकणारा साधा ट्रेनर असेल तर टायरमधली हवा दर वेळी सारखीच ठेवा. दाबाचा स्क्रू इतकाच पिळा की पेडलला झटका दिला तर टायर घसरणार नाही. सैल राहिला तर टायर घासून खाली काळी भुकटी पडते; जास्त पिळला तर टायर तापतो आणि आकडे बिघडतात. कॅलिब्रेशन, म्हणजे ट्रेनरचे आकडे जुळवून घेणं, दहा मिनिटं चालवून झाल्यावरच करावं, थंड ट्रेनर खोटं बोलतो. स्मार्ट ट्रेनरच्या एर्ग मोडमध्ये (यात ठरवून दिलेले वॅट ट्रेनर स्वतःच राखतो) वेगळीच गंमत होते. पाय मंदावले की ठरलेले वॅट भरून काढायला ट्रेनर अवरोध वाढवतो, त्याने पाय आणखी मंदावतात आणि शेवटी पेडल चिखलात रुतल्यासारखं अडतं. असं व्हायला लागलं की जोर लावत बसू नका. दहा सेकंद पेडल सोडा, मग हलक्या पायाने ९० च्या कॅडन्सवर (मिनिटाला पेडलचे फेरे) परत या.

ट्रेनर कितीही चांगला असला तरी आठवड्यातली एक फेरी बाहेरच हवी. ५ अंश तापमानात ताशी ३० ने चाललात तर अंगाला ते शून्यासारखं लागतं, आणि शून्याला उणे सहा-साडेसहासारखं. अंगावर तीन थर पुरतात: आत घाम शोषणारा पातळ बनियन, त्यावर उबदार जर्सी, बाहेर वारा अडवणारं जॅकेट. घरातून निघताना पहिली दहा मिनिटं थोडी थंडी वाजली पाहिजे. दारातच उबदार वाटलं तर चढावर घाम फुटतो आणि उतारावर तोच घाम तुम्हाला गारठवतो.

पायांच्या बाबतीत सगळे एकच चूक करतात: एकावर एक दोन मोजे. बूट तेवढाच असल्यामुळे पाऊल आवळलं जातं, रक्त कमी पोचतं आणि बोटं आणखी बधिर होतात. एकच जाड लोकरी मोजा आणि बुटावर निओप्रीनचं आवरण घाला. शिवाय बुटाच्या आतलं सोल उचलून बघा, खाली क्लीटच्या (बूट पेडलमध्ये अडकवणारा तळाचा तुकडा) स्क्रूची भोकं दिसतील. तिथूनच थंड हवा आणि रस्त्याचं पाणी आत येतं. त्यावर आतून चिकटपट्टी लावा. मिनिटाचं काम आहे, पण तासाभराने त्याचा फरक कळतो.

पारा ३ अंशांच्या खाली असेल आणि रात्री पाऊस पडून गेला असेल तर बाहेर पडू नका. पारदर्शक बर्फ ओल्या डांबरासारखाच दिसतो, आणि पूल व झाडांच्या सावलीतली वळणं सगळ्यात शेवटी वितळतात. खुब्याचं हाड मोडलं तर त्या वर्षीचा मोसम गेलाच. हिवाळ्यासाठी २८ मिलिमीटरचे टायर घ्या. ७० किलोच्या स्वाराने ट्यूब असलेल्या अशा टायरमध्ये ६५ ते ७० पीएसआय भरावं, रस्ता ओला असेल तर ५ कमी. मडगार्ड पूर्ण लांबीचे हवेत, नाहीतर मागच्या माणसाच्या तोंडावर पाणी उडतं आणि ग्रुप राइडला पुन्हा कुणी बोलवत नाही.

घरी आल्यावर आधी सायकल, मग आंघोळ. बादलीभर कोमट पाणी आणि थोडा साबण घेऊन रिम, ब्रेक, चेन आणि तळाचा भाग धुवा. पाण्याचा जोराचा फवारा बेअरिंगवर मारू नका, त्याने ग्रीस बाहेर आणि मीठ आत जातं. चेन फडक्यात धरून उलटी फिरवत कोरडी करा, प्रत्येक कडीच्या रोलरवर ओल्या हवेचं तेल एकेक थेंब सोडा, दहा मिनिटांनी वरचं पुसून टाका. तेल आत हवं. बाहेर राहिलं तर त्यावर वाळू चिकटते आणि कानशीसारखी घासत राहते. चेन तपासायचं माप काही शे रुपयांच्या वस्तूंमधलं असतं, पण कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच) वाचवतं: ११ किंवा १२ गिअरच्या चेनला ०.५ टक्के ताण दिसला की बदला. ट्रेनरवरची चेन झिजत नाही अशा समजात राहू नका.

जिममध्ये आठवड्यातून दोनदा अर्धा-पाऊण तास पुरतो: स्क्वॉट, डेडलिफ्ट, एका पायावरचा स्क्वॉट आणि प्लँक. पहिला महिना हलक्या वजनाने १२ ते १५ वेळा, नंतर जड वजनाने ६ वेळा, तीन सेट. मंगळवारच्या आदल्या दिवशी मात्र नको. शर्यती सुरू झाल्या की आठवड्यातून एकदाच.

दहाव्या आठवड्यापासून वळणांचा हिशेब सुरू होतो. मंगळवारी ३० सेकंद जोरात आणि ३० सेकंद सैल, असं दहा वेळा. पाच मिनिटं विश्रांती घेऊन पुन्हा दहा. जोराचे वॅट एफटीपीच्या १२० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे २४० च्या घरात. शेवटचा तुकडा पहिल्याइतकाच निघाला पाहिजे. निघाला नाही तर पहिला जास्त जोरात होता. इतक्या छोट्या तुकड्यांना एर्ग मोड बंद ठेवा, अवरोध चढायलाच त्याला काही सेकंद जातात. गुरुवारी तीन-तीन मिनिटांचे पाच तुकडे ११० टक्क्यांवर. दीड तासापेक्षा मोठ्या फेरीत दर तासाला ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. वजन उतरावं म्हणून उपाशीपोटी कष्टाचं काम करणारा स्वार फेब्रुवारीत हमखास आजारी पडतो. ताप असेल तर पूर्ण विश्रांती घ्या. सकाळचे ठोके नेहमीपेक्षा सात-आठने जास्त असतील तर तो दिवस सावकाश. आणि आपल्या सावळ्या कातडीला इथलं हिवाळी ऊन पुरत नाही, तेव्हा ‘ड’ जीवनसत्त्वाची रक्ततपासणी नोव्हेंबरातच करून घ्या.

कसबाचा सराव याच सहा आठवड्यांत, रविवारच्या ग्रुप राइडमध्ये करायचा. पुढच्याच्या मागे राहिलं की वाऱ्याचा भार कमी होऊन जोराचा चौथा ते तिसरा हिस्सा वाचतो, पण त्यासाठी अर्ध्या मीटरवर राहता आलं पाहिजे. नजर पुढच्या चाकावर खिळवायची नाही. त्याच्या खांद्यावरून पलीकडच्या तिसऱ्या-चौथ्या स्वाराकडे बघायचं. आपलं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला कधीही घुसू द्यायचं नाही. तो जरा सरकला की चाकं घासतात, आणि पडतो तो मागचा. वळणाआधी ब्रेक लावून मोकळे करा. डावीकडे वळताना डावं पेडल वर, वजन उजव्या पायावर, हात हँडलच्या खालच्या भागात, नजर वळणाच्या शेवटाकडे. मोकळ्या गवताच्या मैदानावर दोघांनी चालण्याच्या वेगाने शेजारी चालवून एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून बघा. गवतावर पडलं तर हसू येतं, आणि धक्का लागला की ब्रेक दाबायची खोड इथेच सुटते.

शेवटच्या आठवड्यात तास निम्मे करा, छोटे जोर मात्र चालू ठेवा. आदल्या दिवशी पाऊण तास सावकाश, मध्ये तीन-चार वेळा १५ सेकंदांचा झटका. शर्यतीच्या ठिकाणी दीड तास आधी पोचा. सर्किटच्या दोन फेऱ्या मारून कुठल्या वळणावर खडी आहे ते बघा, मग २० मिनिटं अंग गरम करून सुरुवातीच्या रेषेवर घोळक्याच्या पुढच्या एक तृतीयांश भागात जागा धरा. पायाला मध्यम गिअर असू द्या. जड गिअरमध्ये उभा असलेला स्वार शिटी वाजली की जागीच रखडतो आणि वीस जण त्याला ओलांडून जातात. पाठीवरच्या क्रमांकाला चार कोपऱ्यांत चार पिना पुरत नाहीत, कडेने आणखी चार लावा. आणि लावताना जर्सी अंगात घालून, सायकलवर बसल्यासारखं वाकून दुसऱ्याकडून लावून घ्या, नाहीतर तो कागद शिडासारखा फुगून तासभर फडफडत राहतो.