अष्टविनायक आणि अतामी

रात्रीचा दीड वाजलाय. झोप नाही. कारण काय, तर केक.

'टोकियो स्टोरी' पाहिला. जपानी दिग्दर्शक ओझूचा, १९५३ चा. किती वर्षं यादीत पडून होता. म्हातारं जोडपं ओनोमिचीहून मुलांकडे टोकियोला येतं आणि मुलांना सवड नसते, एवढीच गोष्ट. मुलीचं, शिगेचं, ब्यूटी पार्लर आहे. तिचा नवरा सासूसासऱ्यांसाठी केक आणतो, तर ही म्हणते, एवढं महागाचं कशाला आणायचं! मी मोठ्याने हसले. आणि मधेच थांबले. बाबा आले होते तेव्हा माझा नवरा आंबा बर्फी घेऊन आला, तर मी काय म्हटलं? "त्यांना साखर चालत नाही, पाव किलो पुरली असती." साखरेचं आपलं निमित्त.

मागच्या आठवड्यात 'थ्री ऑफ अस' पाहिला तेव्हा वेंगुर्ल्याचे रस्ते दिसले आणि मी भडाभडा रडले. ते रडणं सोपं होतं. त्यात माझी काही चूक नव्हती. इथे डोळ्यांत पाणी नाही, नुसतं घशात अडकलंय. कॅमेरा चटईवर बसल्यासारखा खाली ठेवलेला, जवळजवळ हलतच नाही. आपण त्यांच्याच घरात, आणि उठून जायची सोय नाही.

मुलं पैसे काढून आईबापांना अतामीला पाठवतात, समुद्रकाठच्या हॉटेलात. तिथे रात्रभर पत्ते कुटल्यासारखा महाजाँगच्या सोंगट्यांचा खडखडाट, गाणी. दोघं जागीच. सकाळी समुद्राच्या बांधावर बसून परत जायचं ठरवतात आणि उठताना आईला भोवळ येते.

माझी अतामी म्हणजे अष्टविनायक. दोन दिवसांची बस. मी सगळ्यांना सांगत होते, दोघांना यात्रा घडवली म्हणून. इथे तेव्हा पाहुणे यायचे होते, ते नाही सांगितलं. आई म्हणाली, "छान झाली हो." लेण्याद्रीच्या तीनशेच्या आसपास पायऱ्या ती चढली की खालीच बसून राहिली, मी विचारलंसुद्धा नाही. चढली असेल. नसेल.

सिनेमात परतीच्या वाटेवर ती दोघं म्हणतात, आपली मुलं इतरांच्या मानाने बरीच म्हणायची. हे 'बरीच' फार लागलं मला. आमच्याकडे शेजारपाजारी असंच बोलणं होत असणार.

सगळ्यांना ती विधवा सून नोरिको आवडते. रजा काढून सासूसासऱ्यांना टोकियो दाखवते. मीही दोन तास स्वतःला नोरिकोच समजत होते, खोटं कशाला बोलू. पण आई आता वाचणार नाही हे कळल्यावर ओक्साबोक्शी रडते ती शिगे. आणि अंत्यविधी उरकून जेवायला बसल्यावर आईचा ओबी, म्हणजे कमरेचा पट्टा, आणि किमोनो आठवण म्हणून मागते तीही शिगेच. दोन्ही खरं. रडणं नाटकी नाही आणि मागणंही. आईची ती मोरपंखी इरकल माझ्या डोळ्यांत किती वर्षांपासून आहे, ते मी आणि देवच जाणे.

चला. निदान शिगेचा धंदा तरी नीट चालला होता.

बाबांचं तर अगदी सिनेमातल्या म्हाताऱ्यासारखंच. तो प्रवासाला निघताना हवेची उशी शोधतो, तुझ्याकडेच दिली म्हणून बायकोला सांगत राहतो, आणि उशी त्याच्याच सामानात. इकडे चष्म्याचं घर.

(सकाळी.) फोन केला. दिवाळीला या म्हटलं, आठ दिवस राहायलाच या. आई म्हणाली, "येऊ की. पण बसचं काही बुक करू नकोस हं." पलीकडून बाबा ओरडत होते, माझं चष्म्याचं घर कुठे ठेवलंस म्हणून.